साठ शिल्लक

पहाटे पावणेचार. अल खोरच्या रस्त्यावर
हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते,
चष्मा दर दहा मिनिटांनी आंधळा.
मागच्या खिशात चार खजूर, मिठाची पुडी
आणि प्लांटचा फोन,
तो मात्र दुहेरी पिशवीत.

आज दोनशे ठरवले होते.
शमाल समोरून आला की मी खाली वाकते,
वाऱ्याशी वाद घालत नाही.
एवढं शिकायला मला सात वर्षं लागली
आणि तीन साहेब.

एकशे चाळीसला पिशवी थरथरली.
एक पाय डांबरावर, एक पेडलवर.
"कॉम्प्रेसर बंद करा, येते मी."
रोमेल म्हणाला, "मॅडम, धाप का लागलीय?"

टॅक्सीवाल्या गुलजमाननं डिकीत
न सांगता स्वतःची चादर अंथरली,
मग सायकल आडवी केली,
झोपलेल्या माणसाला ठेवावं तशी.

दुपारची मीटिंग. व्हॉल्व्ह, तापमान, कुणाची चूक.
टेबलाखाली जड सेफ्टी बुटांत
माझे पाय अजून फिरताहेत, गोल, सावकाश.
मी मान डोलावते, आकडे बरोबर सांगते.

रात्री वार्षिक फॉर्म. सगळे रकाने भरले,
सातवा उरला : व्यक्तिगत प्रगती.
कर्सर बराच वेळ लुकलुकत होता.
मांडीत गोळा आला, तो चोळला,
आणि लिहिलं : साठ शिल्लक.

रविवारी एचआरची सलवा विचारील, कसले साठ?
विचारू दे.
पुढच्या शुक्रवारी वारा
पाठीमागून आहे म्हणतात.