समास

तरसालीच्या केंद्रात माझं काम फोन करायचं.
कोर्स संपून सहा महिने झाले की
एकेक नाव, एकेक नंबर,
पुढे दोनच चौकोन: लागली. नाही लागली.

जिगीषा रोहित, वेल्डिंग.
लागली. म्हणजे लागली होती, अकरा दिवस.
मकरपुऱ्यात पाळी सुटते साडेआठला,
पादऱ्याची शेवटची बस आठला.
दोन रात्री मैत्रिणीकडे काढल्या,
मग बाप न्यायला आला.
हे कुठल्या चौकोनात बसवू?

इरफान घांची, सीएनसी.
आमचं मशीन अजून उद्घाटनाच्या हारात उभं,
थ्री-फेजची जोडणी मंजुरीत अडकलेली.
पारेख सरांनी फळ्यावर खडूने बटणं काढली,
पोरं रांगेने येऊन दाबायची,
संध्याकाळी बोटं पांढरी.
पास झाला, ऐंशी टक्के.
कारखान्यात पहिल्या दिवशी
बटण दाबलं तर ते आत गेलं.
मॅडम, म्हणाला, मी हातच मागे घेतला.
आता मामाच्या टेम्पोवर असतो.

फॉर्मला समास आहे, बोटभर.
त्यात लिहू लागले मी: बस. लाइट. तान्हं मूल.
साहेब म्हणाले, बाई, समास पोर्टलवर चढत नाही.

तरी लिहिते. अक्षर बारीक करून.

काल इरफाननेच फोन केला, यादीत नसताना.
मागे हॉर्न, कुणीतरी ‘आवू दे, आवू दे’ ओरडतंय.
मशीनला लाइट आवी के?
नाही रे.
आली की सांगा, रविवारी येईन.
नुसतं दाबून बघायचंय.