होयचे बहुमत

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, गिरणीवरची खोली.
टेबलावर आमच्या खासदाराचं प्रगतिपुस्तक,
त्यावर पिठाचा थर. बोटानं पुसून वाचायचं.
रकाने मी आखते.
बावीस वर्षं पॅथॉलॉजीत पेशी मोजल्या,
काचेवरच्या चौकटीत
रेषेवर बसलेली कुठली धरायची, कुठली सोडायची
याचा नियम ठरलेला असायचा.

इथे नियमच ठरायचेत.
डॉक्टर उपाध्ये म्हणतात, सरोगसीला दहा गुण,
अवयवदानाला पाच.
वकीलबाई ट्रीझा डाबरे म्हणतात, नेमकं उलट.
गर्भपाताच्या आठवड्यांवर तर
चहा दोनदा गार झाला.
ठाण्याच्या एका मंडळानं याच माणसाला नव्वद दिलेत,
आमच्याकडे तो बाविसावर अडकलाय.
पेपर तोच, तपासणारे वेगळे.

आणि मतं तरी कुठली?
कार्यवाहीची पानं उघडली तर ओळ एकच,
प्रस्ताव आवाजी मतदानाने संमत.
होयवाले होय म्हणाले,
नाहीवाले नाही,
पीठासीनांनी कान दिला,
म्हणाले, होयचे बहुमत आहे.
दोनदा म्हणाले. झालं.
त्या कल्लोळात साहेबांचा आवाज किती ग्रॅम
हे सांगणारा काटा
माझ्या लॅबमध्ये नव्हता,
खाली गिरणीतही नाही.

सरोगसीच्या दिवशी तर ते सभागृहातच नव्हते,
घणसोलीत डायलिसिस केंद्राची फीत कापत होते.
गैरहजर. शून्य, मी लिहिलं.
शेजारच्या तांडेलकाकू
आठवड्यातून तीनदा त्याच केंद्रात
हाताला नळ्या लावून पडून असतात.
त्यांना हे शून्य मी दाखवलेलं नाही.

पीएचा फोन आला,
ताई, बावीस म्हणजे फारच हो,
पस्तीस तरी करा, पास होऊ द्या.

रात्री एक रकाना उरला.
जीवनरक्षक यंत्रणा काढण्याबाबत भूमिका.

वाशी, आयसीयूबाहेरच्या निळ्या खुर्च्या.
बाबांचा अकरावा दिवस.
आम्ही तिघं.
डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, ठरलं का तुमचं?
कुणीतरी हं म्हणालं.
दादा म्हणतो, मी नव्हे.
वृंदा म्हणते, मी तेव्हा पाण्याची बाटली आणायला गेले होते.
फॉर्मवर सही दादाची,
पेन माझं.
डॉक्टरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं,
मान हलवली, आत गेले.
दार हळूहळू, आपोआप मिटणारं होतं,
ते मिटेपर्यंत
नाही म्हणायला वेळ होता.
मी दार बघत राहिले.

सहा वर्षं झाली. भाऊबीजेला जमतो,
चकल्या कुणाच्या खुसखुशीत यावर भांडतो,
मतविभागणी कुणी मागत नाही.

साहेबांच्या नावापुढे पेन्सिलनं लिहिलं,
नोंद उपलब्ध नाही.
गुण कापले नाहीत, दिलेही नाहीत.
मग खालच्या कोऱ्या ओळीत माझं नाव.
हजर, होय.
बोलली,
इथे पेन्सिल टोकदार करून आणली,
तरी पुढे काही लिहिता आलं नाही.

उद्या उपाध्ये बेरीज तपासतील,
विचारतील,
यात एक ओळ जास्त कशी?