फरक स्पष्ट करा (गुण पाच)

योगिनी बोरस्तेने मोहाडीहून आणली
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत,
झाकणाला दाभणाने पाच भोकं पाडून,
द्राक्षाच्या मांडवातली कोळीण.
"दोन तारांच्या मधोमध उलटी बसलेली, मॅडम,
आठही पाय जोडीजोडीने जुळवून, फुलीसारखी.
फवारा आला तरी हलली नाही."

तिला सोडलं खिडकीच्या गजांत.
शेजारच्या कपाटात तो, युप्लेक्टेला,
काचेचा स्पंज.
बरणीवरची चिठ्ठी पिवळी, अक्षर पगारेसरांचं.
सर गेले, त्यालाही आता सात वर्षं.

योगिनी पानावर मधोमध रेघ मारते.
डोळे आठ. डोळे नाहीत.
विष आहे. तोंडसुद्धा नाही.
मग दोन्हीकडे 'जाळी' येते आणि पेन थांबतं.

कोळीण जाळं पोटातून काढते,
रात्री गिळून टाकते, पहाटेआधी नवं विणते;
कालचा धागा आजच्यात असतोच थोडा.
स्पंजाचं जाळं म्हणजे स्पंजच.
काढून ठेवायचं म्हटलं तर
ठेवणारा उरत नाही.
ती वाट बघते.
तो उजेड पोचत नाही अशा तळाला
वाटही बघत नाही. पाणी आत येतं, बाहेर जातं,
मधे जे राहिलं ते जेवण.

"आत काहीतरी आहे, मॅडम."
आहे. वाळलेल्या दोन कोळंब्या.
लहानपणी शिरल्या, आतच वाढल्या,
मग भोकं पुरेनात.
ही नवऱ्याला खाते,
हा जोडप्याला घर देतो, दार देत नाही.

"यातलं बरं कुठलं?"
परवा तिला बघायला पिंपळगावचे पाहुणे येऊन गेलेत.
मी म्हटलं, परीक्षेत हे विचारत नाहीत.
आणि बरणी पुसत राहिले, पुसलेलीच.

ब्रह्मगिरीवरून समुद्र फार लांब नाही,
तरी आपली नदी त्याच्याकडे पाठ करून निघते,
सगळा देश ओलांडून दुसऱ्याच समुद्राला मिळते.
हे मला त्या दिवशी का आठवलं, माहीत नाही.

सकाळी कुलूप काढलं तर
खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत जाळं,
मधोमध ती, उलटी.
बरणी काढायची तर ते तोडायला हवं.
मुलांना म्हटलं, आज काचेतूनच काढा आकृती.

योगिनी बराच वेळ पेन्सिल धरून उभी.
"एकावर एक दिसतायत, मॅडम.
रेघ कुठून मारू?"