बर्तीनि

आमच्या वडगावात पोरी “जातो” म्हणतात.
“शाळेला जातो गे आई.” “जेवलो की कवाच.”
कुणी हसत नाही.
आई तसंच बोलायची, आत्याही.
मागाच्या खडखडाटात शेवटचं अक्षर
तसंही कुणाला ऐकू जातंय?

पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात
खोलीतल्या मुलीनं दुरुस्त केलं :
“जाते म्हण. तू काय मुलगा आहेस?”
महिनाभर आरशासमोर जाते, येते, खाते, झोपते,
दात घासताना फेस घोळवावा तसा
तो “ते” तोंडात घोळवत राहिलो.
राहिले.

मल्लू म्हणजे काकांचं थोरलं पोर.
पाचवीत असताना एकदा, एकदाच,
दारात चप्पल घालताना तोंडातून गेलं,
“आई, येते मी.”
समोरच्या पायरीवर तांदूळ निवडणारे हात थांबले.
मी रोज जातो म्हणायची, त्याचं कुणाला काही नव्हतं.
इथं एक काना गळला,
त्याची भरपाई कानशिलावर झाली.

मग पहाटेची तालीम.
वस्ताद दर अमावास्येला टेप लावायचे.
छाती किती भरली? एकतीस.
दूध, बदाम, जोर. एकतीस.
तसलाच पिवळा टेप पुढं खडेबाजारात
कडेमनी लेडीज टेलरकडे मल्लूच्या गळ्यात आला.
तिथं पोरी पोट आत ओढून उभ्या,
आणि आया म्हणणार, “कमरेला दोन बोटं कमीच लिहा,
पाहुणे बघायला येणारायत.”
मल्लूनं एकदा सांगितलेलं :
“टेप खोटं बोलत नाही गे.
खरं माणसं श्वास धरून उभारतात.”

त्याच साली मल्लूनं घरात कन्नड धरलं.
भाकरी मागायची तरी कन्नड, ताप आला तरी कन्नड.
एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून
फेरीत चालणारा माणूस आमचा काका.
“उंबऱ्याच्या आत फितुरी!” म्हणून
दोन दिवस जेवला नाही.
मलाही वाटलं, गिऱ्हाइकांसाठी असेल.

गेल्या दिवाळीत दुकानाच्या पोटमाळ्यावर
ब्लाऊजला काजं करता करता मल्लूनं उलगडून दाखवलं.
कन्नडमधल्या “मी”ला शेपूट नसतं.
ना बर्तीनि. ना होगतीनि. ना माडतीनि.
बाईनं म्हटलं तरी तेच, बाप्यानं म्हटलं तरी तेच.
खरं दुसऱ्यानं तोंड उघडलं की तिथंही आहेच,
अंव की अकी?
तेवढी “मी”पुरती जागा मोकळी.
न्हाणीएवढी. कडी आतून.

पाटी कुठल्या भाषेत लावायची
यावरून काचा फुटतात आमच्या गावात.
आणि हे एक पोर,
इतक्याशा जागेसाठी
गुपचूप रोज सीमा ओलांडून जाणारं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा विचारलं होतं,
“तुला काय लावू? आला, की आली?”
मल्लूनं दातांनी दोरा तोडला.
“घाई करू नको.”
मागं जाऊन बघा, मी घाई केलेली नाही.
“नं”च्या आडोशानं, “चं”च्या सावलीतनं
इथंवर आणलंय, पाय न वाजवता.

परत निघाले त्या दिवशी
स्टँडपर्यंत पोचवायला मल्लू सोबत.
पिशवी मल्लूच्या हातात, चप्पल अजून दारात.
माजघरातून काकूनं हाक दिली,
“संभाळून ये गे.”
मी तर कधीच बोळाच्या तोंडाशी पोचलो होतो.
दारात एकच माणूस उभं होतं.

माग चालू होता.
काकांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.