मागं कोण बसूलाय

जांबोटीच्या पुढं बस सोडली,
मग दूधवाल्याची जीप,
मग जीपही नाही.
दीड तास अंजनी-जांभळींतून चाललो.
एका ओहोळात माझ्या चपलेचा अंगठा तुटला,
तेव्हापासून ती हातात.

तळं एकदमच आलं.
म्हणजे आधी झाडं जरा मागं सरली,
आणि मध्ये काळसर पाणी,
बशीत विसरलेल्या चहासारखं.

काठावर तीन खोपी.
कारवीच्या कुडांना शेणमाती,
वर नळ्याची कौलं,
दाराला कडी नाही, सुंभाचा फास.
एका फळीवर कन्नडमध्ये लिहिलेलं.
मी अक्षरं जुळवत राहिले : मो... स... ळे...
मोसळे म्हणजे मगर ना?

‘मगर न्हाई ओ बाई,’ मष्णू गावडा म्हणाला,
‘फळी दांडेलीची. तिकडं उरली, हिकडं ठोकली.’

होडी अरुंद, दोघांपुरती.
दोन वल्ही. त्यातल्या एकाचं पातं मोडकं,
त्याला रंगाच्या डब्याचा पत्रा खिळलेला.
गुरुनाथ आधीच पुढं जाऊन बसला,
स्कूटरवर बसतो तसा, मागं न बघता.

‘मग मागं बाईच बसूलाय?’ मष्णूनं विचारलं.
‘बसूंदे की. पण ध्यानात ठेवा,
मागचा वळवतोय. पुढचा नुस्ता ओढतोय.’

एकोणीस वर्षं हीच पाठ बघत आले :
खडेबाजारात, रेशनच्या रांगेत,
दवाखान्याच्या जिन्यावर.
तिला कधी वळवायचं असतं
हे माहीत नव्हतं.

आधी गोल गोल फिरलो.
तो जोरात मारायचा, मी घाबरत.
मष्णू काठावर बिडी पेटवून
आमच्या फेऱ्या मोजत होता, मोठ्यानं.
सातव्या फेरीनंतर कधीतरी
होडी सरळ चालायला लागली.
आम्ही दोघंही बोललो नाही,
बोललो असतो तर बिघडली असती.

मधोमध आल्यावर त्यानं वल्हं मांडीवर घेतलं.
आणि पाण्याकडं बघत म्हणाला,
‘फाउंड्री बंद झालीय.
गणपती झाल्या झाल्या.’

आता मार्गशीर्ष चालू आहे.

‘रोज उद्यमबागेत जात नव्हतो.
व्हॅक्सिन डेपोत बसायचो, झाडाखाली.
डबा मात्र तुझाच खायचो, वेळेवर, एक वाजता.’

त्याची मान मागं वळली नाही.
घरी समोरासमोर बसून
हे तो बोलला नसता,
आणि मीही इतकं गप्प ऐकलं नसतं.

मला शर्ट आठवले.
पूर्वी प्रत्येक खिशातून काळी रेती निघायची,
मोरीच्या जाळीत साचायची,
मी रागानं खराट्यानं काढायचे.
तीन महिने जाळी स्वच्छ होती.
मला वाटलं, ही नवी पावडर बरी दिसते.

मी वल्हं पाण्यात धरलं. नुसतं धरलं.
होडी हळूच आपण होऊन वळली,
खोपींकडं नाही, पलीकडं,
जिकडं दरी सुरू होते आणि धुकं बसलेलं असतं.

वरून एक धनेश गेला.
पंखांचा केवढा तो आवाज!
भात्यासारखा : हुफ्, हुफ्, हुफ्.
गुरुनाथनं मान वर केली
आणि तो पार झाडाआड जाईपर्यंत
तशीच ठेवली.

‘डब्यातलं कारलंसुद्धा खाल्लं?’ मी विचारलं.
पाण्यावर थोडा वेळ काहीच नाही.
‘कारलं कुत्र्याला,’ तो म्हणाला.
‘पण तेही हुंगून गेलं.’

मी हसले की काय झालं सांगता येत नाही,
होडी हलली एवढं खरं.
त्यानं दोन्ही काठ घट्ट धरले.
त्याच्या बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग
ओले झाल्यावर नवे दिसत होते.

काठावरून हाक आली :
‘ओऽ साहेब! भाकऱ्या गार होऊलाल्यात!’
नाचणीच्या असणार, आणि कुळीथ.
धूर खोपीच्या कौलांतून निघून
खालीच रेंगाळत होता.

‘डावीकडं मार,’ मी म्हटलं.
त्यानं उजवीकडं मारलं.
आम्ही थेट लव्हाळ्यात घुसलो,
आणि तिथंच अडकून बसलो,
मष्णू गुडघाभर पाण्यातून
शिव्या घालत येईपर्यंत.