डावा खांदा

खांद्याचा एक्स-रे स्वच्छ.
मिशील तो दिव्यासमोर धरून उभी,
सहा महिन्यांची डॉक्टर, आवाजाला इस्त्री केलेली:
"हाड शाबूत आहे. झोळी बांधून घरी पाठवू?"

एर्खेम, वय दहा.
अर्वाइखेरपर्यंत एकशेचाळीस किलोमीटर
जीपच्या मागच्या बाकावर, बाहेर उणे एकतीस.
बाप म्हणतो, पडला.
कुठून?
पडला.
मुलगा म्हणतो, बर्फावरून घसरलो.
दोघंही माझ्या बुटांकडे बघतात.

मी आधी हात काखेत धरून ऊन करून घेते.
गार हाताशी पोट खोटं बोलतं,
दचकून आवळतं,
मग दुखलेलं कुठलं नि भ्यालेलं कुठलं, कळत नाही.
दाबताना पोटाकडे नाही बघायचं, मिशील.
तोंडाकडे बघ.
आणि दुखतं त्याच्या लांबून सुरू कर.
पाहुणा तंबूत शिरला की
थेट चुलीपाशी जात नाही.

डाव्या फासळ्यांखाली माझी बोटं पोचली
आणि त्याचे ओठ पांढरे झाले.
बोलला काहीच नाही.
खोकून दाखव, म्हटलं. खोकला नाही.
नाडी एकशेबत्तीस.
खाटेचं पायथ्याचं टोक उचललं
तेव्हा त्याचा हात गेला
खांद्यावर.

ऐक.
पानथरी फाटली की स्वतः ओरडत नाही.
रक्त साचत वर चढतं, श्वासाच्या पडद्याला टेकतं,
त्या पडद्याची नस येते थेट मानेतून,
आणि मानेला आपला एक खांदाच ठाऊक.
चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला
निघालो होतो आपण,
तीही झोळीत बांधून.

सोनोग्राफीत काळी रेघ,
यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधोमध,
जिथे रेघ असायला नको.
फ्रीजमध्ये रक्ताच्या दोन पिशव्या.
तिसरी जीपच्या ड्रायव्हरची,
तो बाही वर करताना विचारत होता, चहा मिळेल ना नंतर.

भूल चढण्याआधी मुलानं माझी बाही धरली.
"कुमैताला मारू देऊ नका.
मीच मागून गेलो. त्यानं मला पाहिलंच नव्हतं."
मी म्हटलं, सांगते बाबांना.
पुरेवमानं मास्क ठेवला.

मधोमध उभा छेद.
रक्त वाट बघत असल्यासारखं वर आलं.
लहान मुलाची पानथरी शक्यतो काढू नये,
दरवर्षी मीच शिकवते.
वीस मिनिटं शिवत राहिले,
पण ओल्या पावाला टाका धरतो का?
दाब साठ. पुरेवमा नुसतंच माझ्याकडे बघते,
आकडा दुसऱ्यांदा सांगत नाही.
मग देठ चिमट्यात धरला, बांधला, कापला.
ती ताटलीत पडली,
मुठीएवढी, जांभळी, दोन जागी उसवलेली.
दाब नव्वद.
बोळे मोजले. एक कमी. पुन्हा मोजले. बरोबर.

लस उलानबातरहून मागव, मिशील,
आणि बापाला बजावून सांग,
यापुढे साधा तापसुद्धा साधा नाही.

बाप बाहेर भिंतीला टेकून, टोपी हातात.
वाचेल, म्हटलं. घोड्याची लाथ होती.
"माहीत आहे."
त्याच्यावर राग धरू नका, मुलानं निरोप दिलाय.
तो टोपीची लोकर उपटत राहिला.
"राग कसला? निघतानाच विकला त्याला.
जीपवाला डिझेलचे पैसे आधी मागत होता.
घेणाऱ्याचा कत्तलखाना आहे."

तिसऱ्या दिवशी एर्खेम उठून बसला.
खांदा दुखत नाही, म्हणाला.
मग म्हणाला, "सांगितलंत बाबांना?"

मी हात ऊन करून घेतले,
जरा जास्तच वेळ.
पोट मऊ होतं. टाके कोरडे.
मिशील शेजारीच उभी होती.
मी पोटाकडेच बघत राहिले.