फाऊल

केळीचे ट्रक काट्यावर खोळंबलेले असताना
फैजपूरच्या मैदानावर फिरके मॅडम थाळी फेकायच्या.
सेहेचाळीस अंश. लोखंडी कड रुमालात धरून.
टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.

सकाळी वर्गात त्यांनीच सांगितलेलं,
सुटलेली वस्तू वर्तुळाची आठवण ठेवत नाही,
सरळ जाते.

प्रौढांच्या स्पर्धेत एकदा
पाय रिंगणाबाहेर गेला, अंगठाभरच.
थाळी मात्र गेली ती तारेपलीकडे, कुणाच्या तरी बागेत.
एक घड हलला,
दोन बगळे उठले.
पंचांची लाल झेंडी वर.

मी तरी टेप ओढत निघालो.
"राहू दे ना भो," त्या म्हणाल्या,
"फाऊल मोजत नसतात."
आणि हाताला लागलेला चुना
बराच वेळ पुसत राहिल्या.

परवा त्यांचा कवितासंग्रह आला.
जर्नलसारखं तपकिरी मुखपृष्ठ.
आत लंबकाचे ते आकडे,
सरासरीत बसेनात म्हणून
आम्हीच खोडलेले,
तसेच, आडव्या रेघेसकट.

पान एकतीसवर
नुसती तारीख, वाऱ्याची दिशा,
"अंतर" या शब्दापुढे मोकळी जागा.

मी पेन्सिलीनं तिथे लिहिलं:
दोन बगळे.